सोन्याच्या फेसाला ओप

सोन्याचा फेस करणं फारसं अवघड नाही. सोनं आणि त्याच्या दुप्पट चांदी एकत्र वितळवायची, चपटी चकती करायची आणि ती नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवून ठेवायची. ॲसिडला चांदी आवडते, सोनं आवडत नाही. ते चांदी खात खात आत शिरतं. शेजारी उठून गेल्यावर सोन्याचे अणू थोडे बावचळतात, इकडेतिकडे सरकतात आणि एकमेकांना धरून बसतात. त्यातून एक जाळी तयार होते, तिच्यात सोनं कमी आणि मोकळी जागा जास्त. ही भोकं इतकी बारीक की एका केसाच्या रुंदीत दोन हजार सहज रांगेने उभी राहतील.

या भोकांना एक काम येतं. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली की जो कार्बन मोनॉक्साइड साठतो, ज्याला ना वास ना रंग आणि जो माणसाला झोपेतच नेतो, तो हवेबरोबर या फेसातून गेला की काहीही न तापवता बदलतो. आपण उच्छ्वासातून सोडतो तोच साधा वायू होऊन बाहेर पडतो. अख्ख्या सोन्याला हे जमत नाही. सोन्याची वीट त्या वायूत वर्षभर ठेवली तरी ती वीटच राहील, नुसती ऐटीत बसून.

हा फेस मी करत होते. आगीत शिरणाऱ्या आणि बोगद्यात काम करणाऱ्या माणसांसाठी मुखवटे बनवणारी एक कंपनी तो बघायला येणार होती. त्यांनी पसंत केला तर माझी जागा पुढे चालू राहणार होती. नाही केला तर महिनाअखेरीला प्रयोगशाळेच्या किल्ल्या परत करून घरी. हे मला मोठ्या सरांनी सांगितलं, म्हणजे त्यांच्या पद्धतीने. ते म्हणाले की तरुण माणसाने एका जागेला चिकटून राहू नये.

मोठे सर आमच्या विभागाचे प्रमुख. त्यांचा पांढरा कोट दाराच्या खुंटीवर कडक इस्त्रीत लटकलेला असे आणि फोटो काढणारा आला की अंगात जाई. त्यांच्या खोलीत काचेचं एक कपाट होतं, वरून दिवा सोडलेलं. त्यात मानचिन्हं, ढाली आणि एका परिषदेत मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ. भोकांना ते कधी भोकं म्हणत नसत. रंध्रं म्हणत. मी एकदा भाषणाच्या मसुद्यात भोकं लिहिलं तर त्यांनी ते खोडलं आणि म्हणाले की भोकं बनियनला पडतात.

सरांना फेसाची एकच अडचण होती. तो सोन्यासारखा दिसत नव्हता. प्रकाश त्या जाळीत शिरतो तो नीट परत येतच नाही, त्यामुळे चकती होते तपकिरी, चहात बुडवून वाळवलेल्या पुठ्ठ्यासारखी. सर चकतीचा डबा उघडून बघत, मिटून ठेवत, पुन्हा उघडत. मधल्या वेळात तिने विचार बदलला असेल अशी त्यांना आशा असावी.

हीच अडचण माझ्या मामाची होती.

मामा सोनार. आमच्या खरेदी विभागाकडे सोनं मागितलं असतं तर ते येईपर्यंत मी आजी झाले असते, म्हणून सरांनी कुठूनशी परवानगी काढली आणि चकत्या मामाकडून करून घ्यायला सांगितलं. गल्लीच्या टोकाला मामाचं अरुंद दुकान आहे. वर काचेचं छप्पर, खाली बैठकीपुढे कातड्याची झोळी, कानशीने उडालेला कणही बाहेर जाऊ नये म्हणून. तिथे बसून मामाने मला चकती करून दिली, नखाएवढ्या जाडीची आणि इतकी सरळ की पट्टी लावावी. मी ती नेली, ॲसिडमध्ये टाकली आणि काही दिवसांनी मोठ्या कौतुकाने त्याला दाखवायला घेऊन आले.

मामाने ती तळहातावर घेतली. वजन घटलेलं त्याच्या हाताला लगेच कळलं. दवाखान्यात नातेवाइकाला बघायला गेल्यावर करतो तसा चेहरा करून त्याने विचारलं, "चिमणे, हिला काय झालं?"

मी समजावून सांगितलं. चांदी गेली, भोकं राहिली, भोकंच कामाची आहेत. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की तेजाबात तोही रोज सोनं घालतो, पण त्यातून सोनं अधिक सोनं होऊन बाहेर येतं. हे असं तोंड काळं करून येत नाही. आईने तर घरी जाहीरच करून टाकलं होतं: लोक मातीचं सोनं करतात, माझी लेक एवढी शिकली आणि सोन्याची माती करून आली. त्यावर माझ्या भावाने आईला शांतपणे सांगितलं की मातीलाही भोकं असतात.

कंपनीचे लोक यायच्या आदल्या दुपारी मी वायूची टाकी आणायला गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले होते. तेवढ्या वेळात जे झालं ते मला नंतर सरांनीही सांगितलं आणि मामानेही. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच की कल्पना दुसऱ्याची होती. मामा उरलेली चांदी परत न्यायला आला होता. सरांनी त्याला खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला. दोघांनी मिळून चकतीकडे पाहिलं आणि दोघांनाही एकाच वेळी वाईट वाटलं. आयुष्यात एकमेकांशी एका वाक्याचंही देणंघेणं नसलेली ही दोन माणसं पाच मिनिटांत एकमताला आली. मामा चकती दुकानात घेऊन गेला आणि त्याने तिला ओप दिला.

ओप देणं म्हणजे घासणं नव्हे. घासलं की सोनं झिजतं. ओप दिला की ते दबतं. अकीकाचा गुळगुळीत दगड दांडीत बसवलेला असतो, तो सोन्यावरून दाबत फिरवायचा. पृष्ठभागावरचे उंचवटे खाली बसतात, खळगे भरतात आणि झळाळी येते. मामा हे काम असं करतो की आपल्याला झोप यावी. त्याने चकती मऊ कातड्यावर ठेवली, तिचा नाजूकपणा बोटांनी ओळखला आणि दोन्ही बाजूंनी इतक्या हलक्या हाताने दगड फिरवला की एक चीरही गेली नाही. बिस्किटाला ओप देऊन दाखवावा असं हे काम होतं. मी आजवर पाहिलेल्या कारागिरीतलं ते सर्वांत अवघड आणि सर्वांत घातक काम.

सकाळी मी आले तर सरांच्या कपाटात, दिव्याखाली, काळ्या मखमलीवर माझी चकती लखलखत होती. कोट सरांच्या अंगात होता. कोपऱ्यात मामा, परीटघडीचा सदरा घालून. तो माझ्याकडे लग्न ठरवून आणलेल्या माणसासारखा पाहत होता.

मी सरांना सांगितलं की भोकं बुजली आहेत. हवा आत जाणार नाही, चकती चालणार नाही.

"रंध्रं आधीही दिसत नव्हतीच," सर म्हणाले.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

कंपनीकडून दोघं आली होती. एक मालक, ऐसपैस, हसतमुख, आपल्याला कशाला हात लावायचा आहे ते आल्याआल्या शोधणारे. दुसऱ्या त्यांच्या तपासनीस बाई. बाईंनी पेटी उघडून स्वतःचा मापक काढला. दुसऱ्याच्या मापकावर त्यांचा विश्वास नसतो, आणि स्वतःच्याही मापकावर, असं त्यांनी सहज सांगितलं. म्हणून त्यांनी दोन आणले होते.

सरांचं भाषण छान झालं. रंध्रांचं गूढ, पोकळीचं सामर्थ्य, थोडं अणूंविषयी, थोडं मानवतेविषयी. मालक चकतीवरून नजर काढत नव्हते. मग ते म्हणाले की इतकी देखणी वस्तू मुखवट्याच्या आत लपवायची म्हणजे पापच. सरांनी मान लववली. मामाने सदऱ्याची कॉलर सारखी केली.

"चालवून दाखवा," बाई म्हणाल्या.

धूर ओढून घेणाऱ्या कपाटात मी काचेची नळी लावली, तिच्यात चकती बसवली, एका बाजूने विषारी वायू मिसळलेली हवा सोडली आणि दुसऱ्या बाजूला बाईंचे दोन्ही मापक जोडले. दोन्हींवर एकच आकडा उमटला. जितका वायू आत जात होता तितकाच, चकतीला कडेने वळसा घालून, बाहेर येत होता. आम्ही सगळे आकड्याकडे पाहत उभे राहिलो. आकडाही आमच्याकडे पाहत उभा राहिला.

सर म्हणाले की मापकाला स्थिरावायला वेळ लागतो. बाई म्हणाल्या की तो स्थिरावलाच आहे, म्हणून तर हलत नाहीये. सर म्हणाले की आज हवा दमट आहे. बाई म्हणाल्या की आग विझवायला जाणारी माणसं पाण्याच्या फवाऱ्यातच उभी असतात. मग सरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की पुढचं कारण मी असणार आहे. हळूच, वडीलधाऱ्या सुरात ते मालकांना सांगू लागले की मुली हुशार असतात हो, पण अनुभव कमी पडतो.

मामाने मान खाली घातली. त्याला शास्त्र कळत नव्हतं, पण लाज कुणाची कुणावर ढकलली जातेय हे कळायला शास्त्र लागत नाही. तो काहीतरी बोलायला पुढे सरकला. तो बोलला असता तर सगळ्यांसमोर त्याचाच अपराध ठरला असता, आणि सर मखमलीसकट स्वच्छ राहिले असते.

मी त्याच्याकडे पाहत होते तेव्हा माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. हलका हात. दगड इतका हलका फिरला असेल तर बुजली असेल ती नुसती वरची साय. खालची भोकं जशीच्या तशी असणार.

मी वायू बंद केला, नळीत स्वच्छ हवा खेळवली, चकती बाहेर काढली, हातमोज्यातल्या दोन बोटांत धरली आणि मोडली.

आवाज अगदी लहान झाला, कडक टोस्ट मोडल्यासारखा. मामाने डोळे मिटून घेतले. मालकांचा हात छातीकडे गेला. तुटलेल्या कडेला दोन झळाळत्या रेघा होत्या आणि त्यांच्यामध्ये तो तपकिरी पुठ्ठा, जसाच्या तसा. मी तुकड्यांचे तुकडे केले, चुरा केला, तो नळीत भरला आणि पुन्हा वायू सोडला.

दोन्ही मापकांवरचा आकडा उतरायला लागला. उतरत उतरत शून्यावर गेला आणि तिथेच बसला. बाईंनी टाकीची तोटी स्वतः तपासली, नळ्या हलवून पाहिल्या, मापकांची अदलाबदल केली. शून्य.

"म्हणजे मोडलं की चालतं?" मालकांनी विचारलं.

"हेच आम्हाला दाखवायचं होतं," सर म्हणाले. एक श्वासही मध्ये न घेता. आधी सौंदर्य, मग त्याग, मग सामर्थ्य. चकाकतं ते सगळं सोनं नसतं, ही म्हणही त्यांनी तिथे वापरली. मोडलेली चकती पूर्ण सोन्याची होती हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि मीही आणून दिलं नाही.

कंपनीने फेस पसंत केला. माझी जागा राहिली. आई म्हणाली की मोडून संसार उभा राहिलेला तिने पहिल्यांदा पाहिला.

खरी गंमत पुढे आहे. थोड्या दिवसांनी कंपनीकडून उत्पादनाची मंजूर पद्धत आली. ओतणे. आम्लात ठेवणे. धुणे. वाळवणे. ओप देणे. मोडणे. प्रत्येक पायरी सक्तीची, क्रम बदलायचा नाही.

मला वाटलं, कुणाची तरी चूक झाली असेल. मी ओप न दिलेल्या चकत्या मोडून, त्यांचा चुरा करून पाहिला. उत्तम चालला. उलट ओप दिलेल्या चकत्यांपेक्षा थोडा जास्तच, कारण दबलेली साय वायाच जाते. दोन्हींचे आलेख शेजारी शेजारी काढले आणि बाईंना भेटायला गेले. बाईंची खोली सरांच्या खोलीच्या अगदी उलट. कपाट नाही, ढाल नाही, टेबलावर फक्त एक भिंग आणि पाण्याचा ग्लास. त्यांनी आलेख नीट पाहिले, दोन अचूक प्रश्न विचारले आणि कागद माझ्याकडे सरकवले.

"तुझं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण माझ्यासमोर पास काय झालं? ओप दिलेली आणि मग मोडलेली चकती. ओप काढायचा तर वस्तू नवी. वस्तू नवी तर चाचणी नवी, मंजुरी नवी. आणि बाई गं, तुझी जागा जुन्या मंजुरीवर आहे."

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी हे मी शिकले आहे; ती गोष्ट माझी नोकरी असावी अशी माझी इच्छा नव्हती. मी कागद घेऊन परत आले.

मग मामासाठी प्रयोगशाळेत बैठक आली. सोनाराच्या मापाची बैठक खरेदी विभागाकडे नव्हती, म्हणून सुताराने एका जुन्या टेबलाचे पाय कापले. खाली कातड्याची झोळी लावली. सरांनी मामाला 'पृष्ठसंस्कार तज्ज्ञ' असं पद दिलं. मला 'विभंजन प्रमुख' केलं. माझ्या हाताखाली कुणीही नव्हतं. दिवस असा जाई: मामा तपकिरी चकती घेई, जीव ओतून तिला झळाळी आणी आणि माझ्याकडे देई. मी ती मोडत असे. त्या क्षणी मामा दरवेळी खिडकीबाहेर बघत असे.

एकदा डबा खाताना त्याने विचारलं की त्याच्या ओपाचा नक्की काय उपयोग होतो. कुणी विचारलं तर नीट सांगता यायला हवं, दुकानात गिऱ्हाइकं विचारतात. मला खोटं बोलता आलं असतं. पण ज्याने मला लहानपणी सोन्याचा कस कसा लावतात ते शिकवलं, त्याच्याशी खोटं बोलायला वेगळी हिंमत लागते.

"उपयोग नाही होत, मामा. थोडं नुकसानच होतं."

तो घास चावत राहिला. "किती?"

"शंभरात सात-आठ."

मला वाटलं तो उठून जाईल. हत्यारं गुंडाळेल आणि दुकानात परत जाईल. मग पद्धतीतली एक पायरी रिकामी, मंजुरी रद्द, आणि माझ्या किल्ल्या खरेदी विभागाच्या खिळ्यावर. मामाने डबा लावला, हात धुतले, दगड उचलून उजेडात धरला आणि म्हणाला, "सात-आठ फार होतात. हात जड पडतोय माझा."

त्या दिवसापासून मामा नुकसान कमी करायच्या मागे लागला. नवा दगड आणला, त्याहून गुळगुळीत. मनगटाखाली कापसाची उशी घेतली. चकतीवर झळाळी कमी कमी येऊ लागली, आधी पिवळी, मग मंद, मग नुसता एक भास. आणि चुऱ्याचं काम वाढू लागलं. आलेख आठवड्याला चढायला लागला. सरांनी तो चढता आलेख चौकटीत बसवून काचेच्या कपाटात, घड्याळाशेजारी ठेवला आणि एका परिषदेत भाषण केलं, 'ओपतंत्रातील प्रगतीमुळे वाढलेली कार्यक्षमता'. टाळ्या पडल्या असं ऐकलं. एका परदेशी पाहुण्याने ओपाचं रहस्य विचारलं, तेव्हा सर म्हणाले की ते आम्ही तूर्त उघड करू शकत नाही. ते खरंही होतं.

सहा महिन्यांनी बाई तपासणीला आल्या. प्रत्येक पायरी डोळ्यांनी बघायची हा त्यांचा नियम. ओतणं पाहिलं, ॲसिड पाहिलं, धुणं आणि वाळवणं पाहिलं. मग त्या मामाच्या बैठकीमागे येऊन उभ्या राहिल्या. मी शेजारीच होते. मामाला आदल्या दिवशीच मी सांगितलं होतं की बाईंसमोर जरा दाबून फिरव, जरा चमकू दे, एका दिवसाचा प्रश्न आहे. त्यावर त्याने नुसता दगड उजेडात धरून पाहिला होता.

त्याने तपकिरी चकती कातड्यावर ठेवली. उशीवर मनगट टेकवलं. दगड खाली आणला आणि चकतीच्या वर केसभर अंतरावर थांबवला. मग फिरवू लागला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक रेघ न चुकवता, न टेकवता. त्याच्या कपाळावर घाम आला होता. चकती उलटली, दुसरी बाजू तशीच केली. मऊ फडक्याने दगड पुसला.

बाई खाली वाकल्या. चष्मा काढून त्यांनी चकतीकडे पाहिलं, मग दगडाकडे, मग मामाकडे. चकती पुठ्ठ्यासारखी मख्ख पडली होती. सहा महिन्यांपूर्वी मखमलीवर जी झळकली होती ती हीच वस्तू, असं कुणी शपथेवर सांगितलं तरी पटलं नसतं. मी मनात किल्ल्या मोजल्या.

"दोन्ही बाजूंनी दगड फिरला?" बाईंनी विचारलं.

"फिरला," मामा म्हणाला. "एक जागा सोडली नाही."

बाईंनी चष्मा लावला.

"पुढची पायरी," त्या म्हणाल्या.

पुढची पायरी माझी होती. मामाने चकती माझ्या हातावर ठेवली, आणि या वेळी खिडकीबाहेर न बघता मी ती कशी मोडते ते नीट पाहिलं.